कॅप्चर चालू आहे

येडगावात आप्पांच्या घरी गेलं की कडी वाजवायची नाही. आधी ओसरीवरून खिडकीत डोकवायचं. आप्पा खुर्चीत ताठ बसलेत आणि मान न वळवता डाव्या हाताचा पंजा आपल्याला दाखवताहेत, असं दिसलं तर आत कॅसेट फिरते आहे. मग चपला काढून पायरीवर बसायचं आणि काकूंनी आणलेला चहा फुरके न मारता प्यायचा. मोबाईल वाजलाच तर तो घेऊन थेट गोठ्याशी जायचं. कॅसेट संपली की आतून आवाज येतो, "या! ड्रॉप शून्य!" हा आप्पांचा रामराम.

असा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतोच. मुंबईच्या चाळीत असेल, सोसायटीत असेल, न्यू जर्सीच्या तळघरात तर हमखास असेल. याच्या कपाटात छोट्या कॅसेटींची खोकी असतात आणि निम्म्या नातेवाइकांची लग्नं, बारशी, मुंजी त्यात अडकून पडलेल्या असतात. "अरे, आमच्या लग्नाच्या व्हिडिओचं काय झालं?" असं विचारलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं असतं. "कॅप्चर झालंय. एडिटिंगला बसायचंय एकदा."

आमचे आप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कुकडी प्रकल्पाची धरणं पाच: माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, डिंभे आणि आमचं येडगाव. येडगावचं धरण 1977 सालचं. इथून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्यापर्यंत जातो. आवर्तन सुटलं की पाणी कालव्याच्या टेलला पोचेपर्यंत कोण कुठे चारी फोडतंय, कोण रात्री मोटार टाकतंय, हे बघण्यात आप्पांची नोकरी गेली. माणसं फार घाईची असतात आणि पाणी अजिबात घाईचं नसतं, एवढं या नोकरीनं त्यांना पक्कं शिकवलं. पुढच्या साऱ्या भानगडींचं मूळ यातच आहे.

आप्पा निवृत्त झाले 2004 साली. त्याच वर्षी त्यांच्या मेहुण्यांनी दुबईहून सोनीचा हँडीकॅम आणला. आप्पांनी तो हातात घेऊन पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? "दोन वर्षं उशीर केलास." कारण तमाशातल्या नारायणगावच्या विठाबाई 2002 साली गेल्या होत्या. तमाशाच्या पंढरीच्या शेजारी राहून, सुपाऱ्या द्यायला राहुट्यांपाशी जमणारी गावोगावची पंच मंडळी वर्षानुवर्षं बघून, विठाबाईंची एक फीतही आपल्याकडे नाही, ही रुखरुख आप्पांना अजून आहे. मेहुण्यांनी ती निमूट ऐकून घेतली. कॅमेरा फुकट आणला होता तरी.

त्यानंतर आप्पांनी काहीही सोडलं नाही. ओझरच्या विघ्नहराच्या आवारातली लग्नं, गावची यात्रा, धरणाचे दरवाजे उघडले तो दिवस, विज्ञान दिनाला खोडदच्या रेडिओ दुर्बिणी बघायला लोटलेली गर्दी, थोरलीचं डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग. कॅसेट साठ मिनिटांची, तळहातावर दोन मावतील एवढी. रेकॉर्डिंग झालं की तिच्या कडेची बारीक खिटी सरकवून ती बंद करायची, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही चढत नाही. मग ती एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवायची. मग बुटांच्या खोक्यात, औषधाच्या बाटल्यांतून निघालेल्या त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्यांसोबत. वरच्या चिठ्ठीवर आप्पांचं सरकारी अक्षर: "यात्रा, गाडे (अर्धे). मागे डोहाळजेवण. शेवटी काही नाही, पण पुसू नये."

कॅसेटी साठल्या तेव्हा कॉम्प्युटर आला. पेंटियम फोर, ऐंशी जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. आप्पांचा धाकटा तेव्हा पुण्याला डिप्लोमा करत होता. तो म्हणाला, "त्यात काय, गाणी कॉपी करतो तसं करायचं. वायर जोडायची आणि ओढून टाकायचं." कॅमेऱ्याबरोबर आलेली यूएसबीची वायर त्यानं जोडली. कॉम्प्युटरवर आले फक्त मेमरी स्टिकवरचे फोटो, तेही आप्पांच्या अंगठ्याचे. टेपवरचं एक चित्रही नाही.

मग नारायणगावच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं ज्ञान दिलं. तो पॅनासोनिकचा खांद्यावर घ्यायचा कॅमेरा वापरायचा आणि एडिअसवर काम करायचा, म्हणजे त्या भागातला अधिकारी पुरुष. त्यानं सांगितलं, की टेपवरचं चित्र खरोखरीचं उतरवायचं तर फायरवायर लागतं. सोनीवाले त्यालाच आय-लिंक म्हणतात. कॅमेऱ्याच्या बाजूला चार पिनांचं बारीक भोक असतं, कॉम्प्युटरला मात्र कार्ड बसवावं लागतं आणि त्याचं भोक सहा पिनांचं. केबल एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला सहा अशीच पाहिजे, आणि कार्ड टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं असेल तर उत्तम. आप्पांनी हे सगळं पाणीअर्जाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं आणि एसटीनं पुणं गाठलं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दुकान-दुकान हिंडून केबल आणि कार्ड आणलं. त्या केबलला घरात आजही कुणी हात लावत नाही. ती वेटोळं करून देवघराच्या वरच्या फळीवर असते.

आणि मग आप्पांना कळलं, की फायरवायर असलं तरी तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. टेपवर आकडेच असतात, पण टेप फिरते ती स्वतःच्या चालीनं. कॅमेरा प्लेवर ठेवायचा, कॉम्प्युटरवर कॅप्चरचं बटण दाबायचं आणि पूर्ण तास बघत बसायचं. धाकटा वैतागला. आप्पांचा चेहरा मात्र नोकरी परत मिळाल्यासारखा खुलला. "डिंभ्याचं पाणी सोडलं की लगेच श्रीगोंद्याला दिसतं का? ते आधी कालव्यानं आपल्या धरणात येणार, मग डाव्या कालव्याला लागणार, मग टेलला. कॅसेटीचं तसंच. हे आवर्तन आहे. मध्ये कुणी फोडू नये, एवढं आपण बघायचं."

कुणी फोडू नये म्हणजे एकही फ्रेम गळू नये. आपल्याकडच्या पाल व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे तासाच्या कॅसेटीत 90,000. कॉम्प्युटर मध्येच दुसऱ्या कामात गुंतला, की त्यातली काही निसटतात. पडद्याच्या कोपऱ्यात किती निसटली त्याचा आकडा येतो. आप्पा चित्र बघतच नाहीत, तो आकडा बघतात. कॅप्चरच्या आधी अँटिव्हायरस बंद, स्क्रीन सेव्हर बंद, पंखा बंद. पंख्याचा आणि फ्रेमचा काय संबंध, हे एकदा विचारलं तर म्हणाले, "संबंध नसेल. पण चान्स कशाला घ्यायचा?" मे महिन्यातल्या दुपारी घामानं निथळत, मांडीवर पंचा घेऊन ते स्वतःच काढलेलं दुसऱ्याचं लग्न उतरवत बसायचे.

पहिलंच लग्न उतरवताना वीस मिनिटांनी कॅप्चर आपोआप थांबलं. परत लावलं, परत तिथेच थांबलं. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या पोरानं डिस्क जुन्या पद्धतीनं, फॅट-32 मध्ये फॉरमॅट केली होती आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एका तासाच्या कॅसेटीला तेरा जीबी लागतात, तेव्हा वीस मिनिटांत चार जीबी भरायचेच. योग असा, की विसाव्या मिनिटाला भटजींनी अंतरपाट धरलेला होता. तो खाली यायच्या आत फाइल संपली. नवरीचे वडील बघायला आले होते. ते गंभीरपणे म्हणाले, "आप्पा, म्हणजे यांचं लागलं का नाही?" पुढे डिस्क एनटीएफएस केली आणि लग्न लागलं. तोवर त्या जोडप्याला पोरगं झालं होतं.

त्या काळात लोडशेडिंग भयंकर होतं. गावात दिवसाचे दहा-बारा तास लाइट नसायची. आप्पांनी लाइटीचं वेळापत्रक भिंतीला लावलं होतं आणि त्याच्या शेजारी कॅसेटींचं. पहाटे तीनला लाइट आली की शेतकरी मोटार चालू करायला उठायचे आणि आप्पा कॅप्चर चालू करायला. शेजारचे लोक दोन्ही आवाज ओळखायचे. एकीकडे मोटारीची घरघर, दुसरीकडे पहाटेच्या अंधारात सनईचौघडा आणि "शुभमंगल सावधान". पहिल्यांदा शेजारच्या म्हातारीनं सुनेला उठवून विचारलं होतं, "कोणाचं गं हे आडवेळेला?"

चित्रात अधूनमधून चौकोन फुटायचे. आप्पांनी त्याचं कारण शोधलं: खोडदची दुर्बीण. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या एवढ्या जवळ असल्यावर दुसरं काय होणार? मी सांगितलं, की त्या तबकड्या नुसत्या ऐकतात, काही सोडत नाहीत. उलट आपल्याच आवाजाचा त्यांना त्रास होतो, म्हणून तर ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी असली शांत जागा निवडली. आप्पांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे आपलं लग्न त्यांना ऐकू जात असेल." शेवटी शूटिंगवाल्यानं कॅमेऱ्याचं हेड साफ करायची कॅसेट दिली आणि चौकोन गेले. पण विज्ञान दिनाला खोडदला गेले, की आप्पा तिथल्या माणसांकडे अजून जरा ओशाळं बघतात.

कॅसेटींत एक आहे, जिच्यावर नुसतं "बिबट्या" लिहिलंय. जुन्नर तालुक्यात बिबट्याची गोष्ट प्रत्येकाकडे असते, पुरावा आप्पांकडे आहे. हँडीकॅमला अंधारात बघायची सोय होती, त्यात सगळं हिरवं दिसतं. त्या जोरावर आप्पा माळवदावर कॅमेरा लावून बसले. पूर्ण तास हिरवा ऊस. बावन्नाव्या मिनिटाला दोन ठिपके चमकतात आणि जातात. काकूंच्या मते ते मांजर आहे आणि ते आमचंच आहे. आप्पा म्हणतात, मांजराची ती चाल नाही. चाल दिसतच नाही, नुसते ठिपके दिसतात, यावर वाद पुढे जात नाही. ही कॅसेट मात्र ड्रॉप शून्य उतरलेली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, एडिटिंग. आप्पांना ते येत नाही असं नाही. मूव्ही मेकर येतो, पुढे कुणीतरी दिलेला पिनॅकलही शिकले. टायटलं करायला त्यांना फार आवडतं. शिवाजी फाँटात "शुभविवाह" टाइप करून, त्यामागे धरणाच्या पाण्याचं चित्र सरकवून त्यांनी एक सुरुवात केली होती. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसल्यानं तिथे नुसती इंग्रजी अक्षरं उमटली, तेव्हापासून सुरुवातही थांबली. नारायणगाववाल्यांची कॅसेट बघितली की म्हणायचे, "हे लोक गुलाबातून नवरी काढतात. नवरी गाडीतून आली होती. मी उभा होतो तिथं."

खरी अडचण कापण्याची आहे. आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी शुभाशीर्वाद असतात. माजी सभापती, आजी सभापती, कारखान्याचे संचालक, पतसंस्थेचे अध्यक्ष, शिवाय सूत्रसंचालकाच्या शेरोशायऱ्या. पस्तीस-चाळीस मिनिटं जातात आणि मुहूर्त टळतो. कुठल्याही शहाण्या माणसानं कात्री इथे लावली असती. आप्पा बसतात, कर्सर नेतात आणि थांबतात. "हा कापला तर त्याच्या मागं उभा असलेला बघ. नवरदेवाचा चुलता. पोलिओचा पाय. दिवसभर पाणी वाटत होता, एकदाच टेकला, तो इथं." तो राहतो, म्हणून सभापती राहतात. पंगतीत बुंदी वाढणारी एक बाई दोन सेकंद कॅमेऱ्याकडे बघून पदर सावरते. "हिचा दुसरा फोटो कुणाकडं नाही." ती राहते, म्हणून सगळी पंगत राहते. एकेक तास डोळे लावून बसल्यामुळे कोण कुठल्या मिनिटाला आहे, हे आप्पांना तोंडपाठ आहे. लग्नं तीन तासांची होती, आप्पांच्या हातून साडेतीन तासांची होतात, कारण टायटल वाढतं.

त्यांचं म्हणणं ठरलेलं: "कापायला काय, दोन मिनिटं. भरायला तास लागतो." मला हे पटत नाही, असं मी त्यांना सांगतो. न कापलेलं कुणी बघत नाही. आप्पा म्हणतात, "तू कापलेलं तरी कुठं बघतोस?" यावर मी चहा घेतो.

2014 साली दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा हात सोडला, त्याचं आप्पांना काही वाटलं नाही. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीवर बंदी आणली, तेव्हा मात्र ते दोन दिवस बोलले नाहीत. शर्यतींचे घाट ओस पडले. आणि आप्पांच्या ओसरीवर गर्दी सुरू झाली. फेटे बांधलेले, मिशांना पीळ दिलेले गाडामालक खोक्यांसमोर मांडी घालून बसायचे. "आप्पा, आमच्या बैलांची बारी असंल का बघा ना. सातची का आठची यात्रा होती." बारी म्हणजे बारा-तेरा सेकंदांचा मामला. निशाण पडतं, भिर्रर्र होतं, घोडी आणि गाडा धुरळ्यात घाट चढतात, भंडारा उडतो, घड्याळवाला सेकंद सांगतो, संपलं. ते बारा सेकंद शोधायला आप्पा तीन-तीन कॅसेटी लावायचे आणि मालकाला शेजारी बसवून घ्यायचे.

एकदा सापडले. पण आप्पांनी बारा सेकंद दिले नाहीत, चौदा मिनिटं दिली. बैल जुंपेपर्यंतची गडबड, शिंगांना रंग लावताना मालकाच्या बापानं घातलेल्या शिव्या, मग बारी, मग हरल्यावर त्याच बापानं बैलाला नाही, मुलाला घातलेल्या शिव्या. मालक आधी कुरकुरला. मग पेनड्राइव्ह खिशात घालताना त्यानं हळूच विचारलं, "शिव्यांचं तेवढं वेगळं काढून मिळंल का? रिंगटोनला लावतो." आप्पांच्या उभ्या आयुष्यात एडिटिंगची एवढी रसिक मागणी आली नव्हती. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयानं परवानगी दिली आणि शर्यती परत सुरू झाल्या तेव्हा घाटावर शेकडो मोबाईल वर होते. आप्पा हँडीकॅम घेऊन गेले होते. बॅटरी सहा मिनिटं टिकली.

आताच्या लॅपटॉपला फायरवायरचं भोकच नसतं. 1995च्या सुमारास मोठ्या थाटानं आलेली ती कॅसेट आणि ती वायर, दोन्ही अडगळीत गेली. म्हणून आप्पांनी तो पेंटियम फोर जिवंत ठेवलाय. त्याचा पंखा बदललाय, पॉवर सप्लाय बदललाय, आणि इंटरनेटचं वारं त्याला लागू दिलेलं नाही. धाकटा आता हिंजवडीत आहे. तो म्हणतो, पुण्यात पैसे दिले की सगळ्या कॅसेटी उतरवून देतात. आप्पा विचारतात, "ते लोक बघत बसतात का तासभर?" नाही म्हटलं की विषय संपतो.

हल्ली पोरं येतात, आईबापाच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला रील करायला. त्यांना तीस सेकंद हवे असतात. आप्पा त्यांना तेरा जीबीची फाइल देतात आणि म्हणतात, "यात आहेत तुझे तीस सेकंद. शोध. तुझी आजी सतराव्या मिनिटाला आहे." काही पोरं शिव्या घालत जातात. काही रात्री उशिरा फोन करून विचारतात, की अठ्ठाविसाव्या मिनिटाला आईच्या मागे रडतोय तो कोण.

गेल्या दिवाळीत आप्पांनी स्वतःहून मला बोलावलं. एडिटिंगला बसलोय म्हणाले. मी अक्षरशः धावत गेलो. पडद्यावर थोरलीचं डोहाळजेवण होतं आणि खरोखर एक तुकडा कापलेला होता. आप्पा कॅमेरा बंद करायला विसरले होते, तेव्हाचा तो तुकडा. खांद्याला लटकलेला कॅमेरा, चित्रात शेणानं सारवलेलं अंगण आणि आप्पांच्या चालणाऱ्या चपला, आणि वरून आवाज: विहिणीला लुगडं कितीचं घ्यायचं यावरून आप्पा आणि काकू दबक्या आवाजात भांडताहेत. "तुमच्या माहेरचं आलं की बरा हात सैल सुटतो!" "माझ्या माहेरच्यांनी कॅमेरा दिलाय तुम्हाला, विसरू नका." चार मिनिटं.

"हे काढलं," आप्पा विजयानं म्हणाले. "एवढंच फालतू होतं सगळ्यात."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, तोही मॉनिटरच्या अगदी शेजारी, जिथे आजवर कुणाला पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवू दिलेला नाही.

"ते परत लावा आधी," त्या म्हणाल्या. "एवढ्या खोक्यांत सगळ्या गावाची तोंडं आहेत. तुमचा आवाज तेवढा एकाच ठिकाणी आहे, तोही कापताय?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी बिस्किटाकडे बघितलं. त्यांनी कंट्रोल झेड दाबलं, चपला परत अंगणातून चालायला लागल्या, आणि लुगड्याच्या किमतीवरून भांडण पहिल्यापासून सुरू झालं. या वेळी मात्र काकू मध्येच म्हणाल्या, की अडीचशेचं लुगडं तेव्हाही स्वस्तच होतं. आप्पा म्हणाले, तेव्हाही महागच होतं. दोघांचा आवाज टेपमधल्या आवाजांवर चढला. मी पंखा लावला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.